अब्बांचं दप्तर हलवताना

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारा आधार संपला. माझा कॉम्प्युटर धडधाकट होता, पण विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप त्यात नव्हती. चालतं यंत्र भंगारात घालायला मन होईना. मुलगा म्हणाला, "अब्बू, लिनक्स टाकून देतो. तुम्हाला लिहायचं आणि वाचायचंच तर आहे." एका रविवारी दुपारी जळगावच्या घरात हे काम उरकलं. सगळ्या फाइल्स आधी बाहेरच्या डिस्कवर घेतल्या, मग कॉम्प्युटर पुसला, लिनक्स टाकलं, फाइल्स परत आणल्या. फोटो उघडले, पीडीएफ उघडल्या, कव्वाल्या वाजल्या. फॅट ३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, म्हणून लग्नाच्या एका व्हिडिओनं थोडा त्रास दिला, तेवढंच. संध्याकाळी चहा घेताना मी म्हणालो, झालं.

झालं नव्हतं. 'अब्बा' नावाचा एक फोल्डर होता. वडील धुळ्याला उर्दू शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर सात-आठ वर्षं त्यांनी रोज सकाळी दोन तास कॉम्प्युटरवर बसून आपल्या आठवणी उर्दूत टाइप केल्या. जुनं धुळं, पांझरेचे पूर, शाळा, मोहल्ला, आणि घराण्याचा जितका माहीत तितका इतिहास. त्यांच्या इंतकालनंतर मी त्या फाइल्स माझ्याकडे आणल्या आणि, कबूल करतो, कधी उघडल्या नाहीत. त्यांचा जुना कॉम्प्युटर भंगारवाल्याला दिला. त्याच्या मागच्या बाजूला अंगठ्याएवढा एक लॉक लावलेला होता, तोही त्याबरोबर गेला. त्या लॉकशिवाय अब्बांचं उर्दू सॉफ्टवेअर चालत नसे, हे मला फार उशिरा कळलं.

दुसरा फोल्डर माझाच. १९९८ ते २००७ या काळात स्थानिक दैनिकांसाठी लिहिलेले मराठी लेख. तो उघडला तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, अंडरस्कोर, लहान-मोठ्याची चिन्हं यांचा नुसता ढिगारा. एकही फाइल हरवली नव्हती. एकही वाचता येत नव्हती.

असं का होतं हे समजून घ्यायला तीस-पस्तीस वर्षं मागं जावं लागतं. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर, हा माणसांनी केलेला करार असतो. एका अक्षराला एक बाइट दिला तर एकूण २५६ घरं मिळतात. त्यातली १२८ इंग्रजीनं आधीच घेतलेली. उरलेल्या १२८ घरांत भारतीय लिप्या बसवायचा सरकारी करार म्हणजे इस्की. तो १९८८ मध्ये झाला आणि १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून सुधारून आला. पुण्याच्या सी-डॅकनं जिस्टचं तंत्र आणलं, ते याच घराण्यातलं. इस्कीची कल्पना मोठी सुरेख होती. ब्राह्मीपासून निघालेल्या सगळ्या लिप्यांची वर्णमाला सारखी, म्हणून 'क' चा आकडा देवनागरीत, गुजरातीत, कन्नडमध्ये एकच. पण उर्दू ब्राह्मीच्या वंशातली नाही. तिच्यासाठी पास्की नावाचा वेगळा करार झाला. म्हणजे ज्या घरात मराठी आणि उर्दू दोन्ही लिहिल्या जातात, त्या घरासाठी कागदावरच दोन दप्तरं झाली.

बाजारानं तर इस्कीही फारशी पाळली नाही. वर्तमानपत्रं, छापखाने, डीटीपीची दुकानं श्रीलिपी, आकृती असल्या पॅकेजांवर चालत. त्यांत आकडा अक्षराला नव्हता, अक्षराच्या तुकड्याला होता. वेलांटी एक तुकडा, रफार एक तुकडा, अर्धा 'स' एक तुकडा. इंग्रजी 'ए' च्या घरात देवनागरीचा एखादा आकार बसवायचा आणि वर फॉन्टचा पडदा टाकायचा. फॉन्ट काढला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. शिवाय हे तुकडे डोळ्यांना दिसतात त्या क्रमानं साठवलेले असतात. 'निर्मिती' हा शब्द घ्या. जुन्या फाइलमध्ये आधी वेलांटी, मग 'न', पुन्हा वेलांटी, मग 'म', त्यानंतर रफार. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो: 'न', वेलांटी, 'र', हलन्त, 'म', वेलांटी. म्हणजे नुसते आकडे बदलून भागत नाही, तुकडे उचलून दुसरीकडे ठेवावे लागतात. माझे लेख एका मोफत कन्व्हर्टरमधून काढले तेव्हा बहुतेक सरळ आले, पण काही 'धर्म' चे 'धम' झाले आणि रफार पुढच्या शब्दावर जाऊन बसला. ते हातानं दुरुस्त करता आलं. माझेच लेख, माझीच भाषा. कुठं काय हवं ते मला ठाऊक होतं.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. देवनागरीची मांडणी तिनं इस्कीवरूनच घेतली. फरक असा की प्रत्येक लिपीला स्वतःचा मोहल्ला मिळाला. देवनागरी 'म' चा क्रमांक २३५०, उर्दूच्या 'मीम' चा १६०५. दोघं एका फाइलमध्ये, एका ओळीतसुद्धा राहू शकतात. पण करार होणं वेगळं आणि तो घरापर्यंत पोचणं वेगळं. विंडोज २००० मध्ये देवनागरीला आधार आला, आणि आपल्याकडची दुकानं त्यानंतरही कित्येक वर्षं जुन्या फॉन्टवर चालत राहिली. करारातही काही कोपरे राहून गेले होते. मराठीतल्या 'ॲडव्होकेट' मधल्या 'ॲ' ला स्वतंत्र क्रमांक २००८ मध्ये मिळाला. त्याआधी आपण 'अ' वर चंद्र ठेवून काम भागवायचो. आज जुन्या लेखांत शोध घेतला तर एक 'अॅ' सापडतो आणि दुसरा 'ॲ' सापडत नाही, डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसत असले तरी.

उर्दूची गोष्ट याहून लांबची आहे. उर्दू वाचणाऱ्याला नस्तालीक हवं असतं. शब्द उजवीकडून डावीकडे उतरत जातो, एकच अक्षर शेजाऱ्याप्रमाणे आकार बदलतं. हे खिळ्यांच्या छपाईला नीट जमलं नाही, म्हणून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत उर्दू वर्तमानपत्रं कातिब हातानं लिहीत. मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडआकार एकेक करून लिहिले, ही संख्या वीस हजारांच्या घरात सांगितली जाते. मोनोटाइप कंपनीच्या यंत्रावर ते 'नूरी नस्तालीक' म्हणून आले आणि १९८१ मध्ये लाहोरचं 'जंग' त्यात छापलं गेलं. १९९४ मध्ये दिल्लीतल्या एका कंपनीनं इनपेज काढलं आणि तेच आकार साध्या पीसीवर आले. कातिबाच्या गादीवर ऑपरेटर बसला. भारत असो की पाकिस्तान, उर्दूचं पुस्तक म्हणजे इनपेज असं समीकरण झालं. त्याच्या फाइलमधली आकड्यांची भाषा मात्र त्याची स्वतःची. युनिकोड त्याच्या पुढच्या आवृत्त्यांत आलं.

अब्बांची एक फाइल मी पीडीएफमध्ये पूर्वी काढून ठेवली होती. ती नव्या कॉम्प्युटरवर सुंदर दिसते. पण त्यातला मजकूर उचलून दुसरीकडे टाकला की चिंध्या होतात, कारण ते हजारो आकार अनेक फॉन्ट-फाइल्समध्ये वाटून ठेवलेले असत. पीडीएफनं चेहरा जपला, भाषा जपली नाही.

उरलेल्या फाइल्ससाठी कन्व्हर्टर शोधला. मजकूर बाहेर आला. आधी नस्ख वळणात दिसत होता, कुरआनच्या छपाईसारखा. नोटो नस्तालीक हा मोफत फॉन्ट टाकल्यावर अब्बांची उर्दू अब्बांच्या उर्दूसारखी दिसू लागली. शोध घेतला तर 'खानदेश' हा शब्दच सापडेना. अरबी 'ये' चा क्रमांक १६१०, फारसी-उर्दू 'ये' चा १७४०. कन्व्हर्टरनं एक लिहिला होता, माझा कीबोर्ड दुसरा लिहीत होता. 'काफ' चंही तेच. हे सगळं एका झटक्यात बदलता येतं, बदललं.

मग आकडे. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, पण तिच्यातली संख्या डावीकडून उजवीकडे. या वळणावर पुष्कळ कन्व्हर्टर घसरतात आणि संख्या उलटी करून टाकतात. अब्बांच्या मजकुरात भारत ७४९१ मध्ये स्वतंत्र झाला होता आणि महाराष्ट्र ०६९१ मध्ये. मी हसलो आणि सगळे उलटे सन शोधून सुलटे केले. म्हणजे जे उलटे दिसले ते. १८८१ किंवा १९९१ उलटा झाला काय, न झाला काय, सारखाच.

एका पानावर असं होतं: आपल्या दादांनी धुळ्यात घराची जागा १२९१ मध्ये घेतली. अब्बा हिजरी आणि ईसवी दोन्ही सन वापरत. पुढं हिजरीचा 'हे' नव्हता, ईसवीचा 'ऐन' नव्हता. मी हिशेब केला. हिजरी १२९१ म्हणजे ईसवी १८७४. आकडा इतका सरळ दिसत होता की तो उलटा असेल हे मनातच आलं नाही. दादा १८७४ मध्ये जागा घेण्याच्या वयाचे कसे असतील, हा प्रश्न आला आणि मीच त्याला बाजूला सारलं. 'दादा' म्हणजे पूर्वज असं म्हणायचं असेल. खरं सांगायचं तर मला ते तसं हवं होतं. हल्ली आपल्याला कोणीही उठून विचारतं, तुम्ही कुठले, केव्हापासून, कागद आहे का. अशा हवेत दीडशे वर्षांचा आकडा हातात आला की माणूस त्याची उलटतपासणी करत नाही. मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं: आपण धुळ्यात १८७४ पासून आहोत. मुबारकबाद आल्या. एका भाच्यानं त्याचं पोस्टरही बनवलं.

इतिहासाचा नाद असलेल्या माणसानं हे करावं याची मला अजून शरम वाटते. याच धुळ्यात वि. का. राजवाड्यांचा १९२६ च्या डिसेंबरात अंत झाला आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. जुने कागद गोळा करायचे, मोडीतून बाळबोधीत उतरवायचे, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. जुन्या मराठी पत्रांत फारसी शब्द किती आणि ते पुढे कसे कमी होत गेले, हेही त्यांनी मोजून दाखवलं. मोडी ही मराठीची सरकारी धावती लिपी. १९५० च्या दशकात ती शाळांतून गेली आणि पन्नास वर्षांत घराघरांतल्या ट्रंका मुक्या झाल्या. कागद शाबूत, शाई शाबूत, वाचणारा नाही. माझ्या मराठी फाइल्सचं जे झालं ते अगदी हेच. मोडीला युनिकोडमध्ये जागा २०१४ साली मिळाली.

मराठेशाहीतल्या या कागदांवर सन कसा घालत, ते पाहण्यासारखं आहे. 'इहिदे सितैन मया व अलफ'. हे अरबी आहे: एक, साठ, शंभर आणि हजार. मिळून ११६१. हा सुहूर सन. मृगापासून सुरू होतो. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की ईसवी १७६०-६१, म्हणजे पानिपतचं वर्ष. तिथीच्या जागी 'छ ५ रजब' असं, 'छ' म्हणजे चंद्र. मोडी लिहिणारा कारकून, मराठी वाक्य, अरबी अंकशब्द आणि हिजरी महिना, हे सगळं एका ओळीत आणि कुणालाही त्यात वावगं वाटत नव्हतं. पण मला आज त्यातली दुसरीच गोष्ट दिसते. शब्दांत लिहिलेला सन उलटा पडू शकत नाही. फारसी-उर्दू दस्तांत रक्कम लिहिताना पुढं तिची 'निस्फ', म्हणजे निम्मी रक्कमही लिहीत. तीनशे रुपये, ज्याचे निम्मे दीडशे. कोणी तीनशेचे आठशे केले तर निम्मे जुळत नाहीत आणि चोरी पकडली जाते. आजही फाइल हलवल्यावर ती जशीच्या तशी आली का हे तपासायला कॉम्प्युटर तिच्यातल्या सगळ्या आकड्यांवरून एक बेरजेसारखी खूण काढतो आणि दोन्हीकडची खूण ताडून पाहतो. मी ती ताडली होती. जुळली होती. पण ती फाइलच्या प्रवासाची तपासणी होती, तिच्या तर्जुम्याची नव्हती.

जुना नक्कल करणारा चुकायचा, पण त्याला भाषा यायची. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी भराभर उतरवून घेत. 'गीता प्रवचने' आपल्या हातात आली ती त्यामुळे. गुरुजींना कळत होतं की समोरचा काय म्हणतोय. कन्व्हर्टरला एवढंच कळतं की हा आकडा आला तर तो आकडा लिहायचा.

माझी चूक उघडी पडली ती योगायोगानं. एका पानावरचे शेर कन्व्हर्टरमध्ये पार विस्कटले होते, म्हणून मी पेनड्राइव्ह घेऊन धुळ्याला गेलो. पारोळ्यावरून जाताना वाटलं, एवढ्यासाठी नव्वद किलोमीटर! जुन्या धुळ्यात एक म्हातारे चाचा आहेत. पूर्वी कातिब. मसाल्याच्या पिवळ्या कागदावर कलमानं लिहीत, मग तो कागद छपाईच्या दगडावर उतरे. नव्वदच्या दशकात कलम ठेवून त्यांनी कॉम्प्युटर घेतला. त्यांच्याकडे अजून विंडोज एक्सपीवर चालणारं एक यंत्र आहे, मागं लॉक लावलेलं, इंटरनेट नाही. त्यावर ते शादीचे रुक्के आणि रमजानची टाइमटेबलं करतात.

त्यांनी फाइल उघडली. अब्बांनी मांडलं होतं तसं पान समोर आलं, समासासकट. चाचांनी चष्मा वर करून वाचायला सुरुवात केली. शेर सापडले. वाचता वाचता ते त्या ओळीवर आले आणि मोठ्यानं म्हणाले, "उन्नीस सौ इक्कीस."

मी म्हणालो, "चाचा, बारासौ इक्यानवे."

"कहाँ? ये देख ना बेटा. उन्नीस सौ इक्कीस लिखा है मास्टरसाब ने."

लिहिलं होतं. १९२१. उलटा केला की १२९१.

घरी अम्मीच्या पेटीत त्या जागेचं खरेदीखत होतं. आजवर कोणी वाचलेलं नव्हतं, कारण ते मोडीत आहे. ते मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांना दाखवलं. त्यांनी अर्ध्या तासात बाळबोधीत उतरवून दिलं. कसबे धुळे, जिल्हा पश्चिम खानदेश, चतुःसीमा, पणजोबांचं नाव आणि 'वल्लद' करून त्यांच्या वडिलांचं. सन १९२१, आकड्यात आणि अक्षरी. अब्बांचे दादा म्हणजे माझे पणजोबा. वय बरोबर जुळलं. मोडीतल्या त्या मजकुराखाली पणजोबांची सही आहे, ती उर्दूत. शंभर वर्षांपूर्वीच्या एका स्टॅम्प पेपरवर दोन लिप्या शेजारी शेजारी बसल्या होत्या. आमच्या कॉम्प्युटरांना ते जमायला पुढची शतकाची अखेर उजाडली.

आता माझ्याकडे एक फाइल आहे. तिच्यात आधी अब्बांचं उर्दू वाक्य, खाली खरेदीखताचं बाळबोध, त्याखाली माझं मराठी भाषांतर. ओळीत उजवी-डावी दिशा बदलली की कर्सर अजून उडी मारतो, सवय होईल. अब्बांची मूळ फाइल जशी होती तशी ठेवली आहे. शेजारी चाचांच्या यंत्रावर काढलेली पीडीएफ, युनिकोड मजकूर, आणि कुठलं सॉफ्टवेअर, कुठला फॉन्ट हे लिहिलेली एक चिठ्ठी. प्रत्येक सन आता आकड्यात आहे आणि कंसात शब्दांतही. एक गोष्ट मात्र गेली. फाइल्स हलवताना मी तारखा जपण्याची सूचना दिली नव्हती, त्यामुळे सगळ्यांवर त्या रविवारची तारीख बसली. अब्बांनी शेवटचं कधी लिहिलं होतं, हे आता फाइल सांगत नाही.

ग्रुपवर दुरुस्ती टाकली. १८७४ नव्हे, १९२१, चूक माझी. भाचा म्हणाला, पोस्टर फ्रेम करून झालंय. रात्री फुफीचा फोन आला. ब्याऐंशी वर्षांची आहे, मोबाइलवर वाचत नाही, कोणीतरी वाचून दाखवलं होतं. म्हणाली, "तेरे अब्बा तो उन्नीस सौ इक्कीसच बोलते थे. मेरे को पूछता तो बता देती."